पाय लागला

रॉदरहॅमचा स्पोर्ट्स हॉल, सकाळचे पावणेदहा.
माइकवरचा मुलगा माझ्या आडनावात शिरतो
आणि मध्येच श्वास घ्यायला थांबतो:
वासंती खरवं... डीकर.
असू दे रे बाळा,
लग्नानंतर मलाही आठवडा लागला होता.

वय एकसष्ट. पट्टा निळा.
गुडघ्याला पट्टी, पट्टीखाली अमृतांजन,
बीपीची गोळी घेतलेली,
चष्मा पिशवीत, त्यामुळे जग
कडांना जरा विरघळलेलं.
सात-आठ वर्षांची पोरं पदकं चावून बघतायत.
एक विचारते, तू कुणाची आजी?
कुणाची नाही, खेळायला आलेय.
ती माझ्या पट्ट्याकडे बघते. तिचा लाल.
म्हणजे आधी मीच वाकायचं.

लाथ मारीन तिथं पाणी काढीन,
असं वडील म्हणायचे, तेही भावाकडे बघून.
माझं पाणी गुडघ्यात होतं.
डॉक्टरीणबाई सुईनं काढतात,
फॉर्मवर सही करतात, मान हलवतात,
आणि हळूच विचारतात, शिकायला किती घेतात?

साठीपुढच्या गटात आम्ही दोघीच.
मी, आणि बार्न्सलीची मॉरीन टॅटर्सल.
एकतीस वर्षं बस चालवलेली बाई,
उभी राहते तीच थांबा असल्यासारखी.
पहिल्या वर्षी माझी लाथ
तिच्या छातीच्या कवचावर बसली. चक्क बसली.
धप्प असा आवाज झाला सगळ्या हॉलभर
आणि माझा हात, मेला, आपणहून
तिच्या कवचाला लागून माझ्या छातीशी आला.
पाय लागला की नमस्कार.
पुस्तकाला, ताटाला, केरसुणीला,
शेजारी झोपलेल्या धाकट्या बहिणीला;
अंगात इतकं मुरलेलं
की पंचाची शिट्टीसुद्धा उशिरा पोचते.
तेवढ्यात मॉरीननं दोन गुण काढले.

ते काय होतं, लव्ह? नंतर विचारलं तिनं.
सांगितलं. ती इतकी हसली
की तोंडातलं दातांचं कवच तळहातावर पडलं.
म्हणजे लाथ मारायची आणि माफीही मागायची?
नाही गं, चुकून लागला तर.
आणि मुद्दाम?
मुद्दाम मारण्यासारखं कुणी
भेटलं होतं एक-दोनदा.
तेव्हा पाय उचलला नाही.
ती हसायची थांबली. पाण्याची बाटली पुढे केली.

पुढची तीन वर्षं तीच जिंकली.

आज लाल बाजू रिकामी.
पंच तिचं नाव पुकारतात, पुन्हा, पुन्हा.
चारयोत. क्युंगने.
मी निळ्या चटईवरून
लाल चटईवरच्या कुणाच नाही त्याला वाकते.
माझा हात वर जातो, टाळ्या पडतात,
गळ्यात सोनं येतं.
डब्यातल्या बिस्किटाच्या कागदाएवढं हलकं.

चष्मा लावते तर ती दिसते,
तिसऱ्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर,
कुबडी मांडीला टेकवलेली,
खुबा नवा, अकरा आठवड्यांचा.
जिंकलीस की, फुकटात, म्हणते.
हो ना, लाज वाटते.
दाखव. पदक उलटंपालटं करते, चावते,
तोंड वाकडं करते.
मग बरा पाय सावकाश उचलून
बुटाचं टोक माझ्या पोटाला लावते.
एक गुण.
आणि लगेच, अगदी माझ्यासारखा,
तिचा हात माझ्या पोटाला लागून
तिच्या छातीकडे निघतो.
तो पोचायच्या आत
मी अनवाणी अंगठा
तिच्या खुर्चीच्या पायाला लावते.
दोन.

फसवी कुठली, म्हणते मॉरीन.
शिकवलं कोणी?
मशीनचा चहा आणायला आम्ही उठतो.
तिची कुबडी, माझा गुडघा,
दोघांचा आवाज वेगवेगळा.
पुढच्या वर्षी, ती म्हणते,
खुब्याची भीड ठेवायची नाही हं.
छे, मी म्हणते,
आणि दारात कुणाच्या तरी पिशवीला पाय लागतो.
वाकायला वेळ लागतो. वाकते.